पाटी आणि वही

तमिळनाडूत कावेरीच्या काठी वसलेले कुंभकोणम हे देवळांचे गाव. तिथल्या शार्ङ्गपाणी मंदिराकडे जाणाऱ्या सन्निधी रस्त्यावर एक लहानसे कौलारू घर आहे. एकोणिसावे शतक संपून विसावे सुरू झाले, त्या सुमारास या घराच्या ओट्यावर एक मुलगा मांडीवर मोठी पाटी घेऊन बसलेला असे. पाटीवर भराभर आकडे लिही, क्षणभर थांबे आणि हाताच्या कोपरानेच सारे पुसून टाकी. फडके शोधण्यात वेळ कोण घालवणार? पुन्हा लिही, पुन्हा पुसे. मनासारखे उत्तर हाती आले की तेवढे उत्तर मात्र वहीत उतरवी. कागद महाग होता. वडील कापडाच्या दुकानात कारकून, घरची परिस्थिती बेताची. वही जपून वापरणे भागच होते.

हा मुलगा म्हणजे श्रीनिवास रामानुजन. जन्म इरोडचा, २२ डिसेंबर १८८७ चा. पण वाढला तो कुंभकोणमला. इथल्या टाऊन हायस्कुलातून १९०४ साली तो शिष्यवृत्ती घेऊन बाहेर पडला आणि गणितापुढे इतर विषय सुचेनासे झाल्याने इथल्याच सरकारी कॉलेजात त्याने ती गमावली. पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. १९१३ च्या जानेवारीत त्याने केंब्रिजच्या हार्डींना पत्र लिहिले, १९१४ मध्ये तो इंग्लंडला गेला, १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झाला आणि २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, हे जग सोडून गेला.

मागे राहिल्या त्या वह्या. त्यांत तीन हजारांहून अधिक सूत्रे होती. पण ती सुचली कशी, सिद्ध कशी केली, याचा मागमूस बहुतेक ठिकाणी नव्हता. पायऱ्या पाटीवर होत्या आणि पाटी कोपराने पुसली गेली होती. शाळकरी वयात रामानुजनच्या हाती पडलेले कार यांचे गणिताचे पुस्तकही असेच होते. त्यात हजारो निष्कर्ष होते, सिद्धता जेमतेम. लिहिण्याची तीच रीत त्याला जडली असावी.

त्याची किंमत पुढच्यांनी मोजली. वॉटसन आणि विल्सन या दोघा इंग्रज गणितज्ञांनी वह्यांचे संपादन हाती घेतले. विल्सन १९३५ साली वारले आणि काम अर्धवट राहिले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९५७ मध्ये या वह्या जशाच्या तशा दोन खंडांत छापल्या. त्यानंतर अमेरिकेतील ब्रूस बर्न्ट यांनी एकेका सूत्रामागच्या पायऱ्या पुन्हा बांधत पाच खंड पुरे केले. पहिला १९८५ मध्ये आला आणि पाचवा १९९८ मध्ये. रामानुजनच्या मृत्यूला तोवर अठ्ठ्याहत्तर वर्षे झाली होती.

शिकायचे तर पाटी हवी. निर्धास्तपणे लिहिता यावे, चुकले तर पुसता यावे. आणि वहीही हवी. पण तिच्यात उत्तराबरोबर पायऱ्याही उतरल्या पाहिजेत. शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट आज आठवण्याचे कारण म्हणजे घरोघरी संगणक शिकणाऱ्या मुलामुलींपुढे हाच प्रश्न नव्या रूपात उभा आहे.

‘हात लावू नकोस’

कुंभकोणम मराठी माणसाला अगदीच परके नाही. तंजावर इथून जेमतेम चाळीस किलोमीटरवर. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तंजावरच्या गादीवर भोसले होते. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमलाच जन्मले. आजही त्या मुलुखात तंजावरी मराठी बोलणारी घरे आहेत.

समजा, अशाच एका घरातली मुलगी गावातल्या कॉलेजात संगणकशास्त्र शिकते आहे. वडिलांचे पितळी भांड्यांचे आणि समयांचे दुकान आहे. घरात संगणक एकच. त्याच्यावर दुकानाचा हिशेब, गिऱ्हाइकांची उधारी, थोरल्या बहिणीच्या लग्नाचे फोटो आणि आजीच्या औषधांच्या चिठ्ठ्या. मुलीला अभ्यासासाठी नवी संगणक-प्रणाली चढवून पाहायची आहे, तिच्या आतली व्यवस्था उलगडून पाहायची आहे. वडिलांचे एकच म्हणणे असते, ‘हात लावू नकोस, बिघडेल.’

वडिलांचे चुकते असे नाही. एक चुकीची आज्ञा दिली आणि उधारीची यादी गेली, तर ते नुकसान कोण भरून देणार? पण मुलीचेही चुकत नाही. स्वयंपाक शिकायचा तर चार पोळ्या करपणारच. संगणक शिकायचा तर तो चारदा बिघडवावा लागतो, आणि बिघडला कसा हे स्वतःच शोधून तो पुन्हा उभा करावा लागतो. पुस्तकातले उतारे पाठ करून ही विद्या येत नाही. ज्या घरात दोन संगणक आहेत, त्या घरातली मुले पुढे जातात. जिथे एकच आहे तिथे ‘हात लावू नकोस’ हेच वाक्य आडवे येते. कुंभकोणम असो की कोल्हापूर, हा अनुभव सारखाच.

यावर एक तोडगा आहे. तो विकत घ्यावा लागत नाही. संगणकाच्या पोटातच दुसरा संगणक तयार करायचा. त्याला म्हणतात आभासी यंत्र, व्हर्च्युअल मशीन. हीच ती पाटी.

यजमान, पाहुणा आणि कारभारी

आभासी यंत्र म्हणजे काय? मोठ्या वाड्यात भिंती घालून दोन-तीन बिऱ्हाडे केली, तर प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचे दार, स्वतःची चूल मिळते. वाडा मात्र एकच. तसेच इथे होते. खऱ्या संगणकाला यजमान म्हणायचे आणि आतल्या आभासी संगणकाला पाहुणा. यजमानाकडे आठ जीबी स्मृती असेल तर त्यातली दोन जीबी पाहुण्याला द्यायची. यजमानाच्या डिस्कवर एक मोठी फाइल करायची. पाहुण्याला तीच आपली संपूर्ण डिस्क वाटते. कोणाला किती मिळाले, कोण कोणाच्या हद्दीत शिरत नाही ना, हे पाहणारा एक कारभारी लागतो. त्या प्रणालीला हायपरवायझर म्हणतात. पाहुण्याच्या घरात कितीही गोंधळ झाला तरी तो त्याच्या फाइलपुरता राहतो. दुकानाची उधारी भिंतीपलीकडे सुखरूप असते.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत केंब्रिज इथल्या आयबीएमच्या शास्त्रीय केंद्रात १९६४ साली या कामाला सुरुवात झाली. त्या काळी एक संगणक म्हणजे खोलीभर यंत्रसामग्री आणि प्रचंड खर्च. तो एकाच वेळी अनेकांना, जणू प्रत्येकाला स्वतंत्र संगणक दिल्यासारखा वापरता यावा, हा हेतू होता. त्यातून आलेली व्हीएम-३७० ही प्रणाली आयबीएमने १९७२ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केली. पुढे संगणक स्वस्त झाले, टेबलावर आले आणि ही कल्पना थोडी मागे पडली. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने पुढच्याच वर्षी ती साध्या टेबलावरच्या संगणकावर आणली. मग इंटेल आणि एएमडी यांनी आपल्या प्रोसेसरमध्येच या कामाची सोय केली. २००७ च्या फेब्रुवारीत केव्हीएम नावाचा कारभारी लिनक्स प्रणालीच्या गाभ्यातच दाखल झाला. तो फुकट मिळतो. विंडोज असलेल्या घरातही व्हर्च्युअलबॉक्ससारखी प्रणाली घेऊन हेच काम करता येते, आणि तिची मूळ प्रणालीही विनामूल्य आहे.

१९७२ साली माऊस आणि रंगीत खिडक्या रोजच्या वापरात आलेल्या नव्हत्या. टंकलेखन यंत्रासारख्या साधनापुढे बसून माणूस एकेक आज्ञा टाइप करी आणि यंत्र उत्तर देई. म्हणजे आभासी यंत्र जन्माला आले तेच आज्ञेच्या ओळीवर, ज्याला आज कमांड लाइन म्हणतात. पाटीचे काम इथवर झाले. वहीचा प्रश्न या आज्ञेच्या ओळीपाशी सुटतो.

काळ्या खिडकीचे भय

काळी खिडकी, तिच्यात लुकलुकणारी छोटी रेघ आणि बाकी काही नाही. कमांड लाइनचे हे पहिले दर्शन कोणालाही बिचकवणारे. माऊस बरा, समोर चित्रे असतात, बोट ठेवले की काम होते. आभासी यंत्रे सांभाळण्यासाठीही माऊसने चालणाऱ्या सोयी आहेत, आणि अगदी नवख्याने तिथून आरंभ करण्यात कमीपणा नाही.

पण माऊसच्या कामाची एक गंमत आहे. काम होते, पायऱ्या राहत नाहीत. तीन आठवड्यांपूर्वी पाहुण्याची स्मृती वाढवताना कुठली खिडकी उघडली होती, कुठल्या चौकोनात खूण केली होती, हे आठवत नाही. मैत्रिणीला फोनवर सांगायचे तर ‘वर डावीकडे एक चक्रासारखे चित्र दिसेल, त्याच्या खाली...’ अशी कसरत. आज्ञा मात्र वाक्य असते. ती कागदावर उतरवता येते, पत्रात पाठवता येते, उद्या तशीच पुन्हा देता येते. माऊस उत्तर ठेवून पाटी पुसतो. आज्ञेची ओळ पायऱ्या वहीत ठेवते.

लिनक्सवर आभासी यंत्रांशी बोलायचा एक दुभाष्या आहे. त्याचे नाव ‘व्हर्श’. प्रत्येक आज्ञा त्याच्या नावाने सुरू होते. मग क्रियापद, मग यंत्राचे नाव. बस्स, एवढेच व्याकरण. आज्ञा रोमन अक्षरांत टाइप करायच्या असतात. इथे त्या उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. कुंभकोणमच्या आपल्या मुलीच्या संगणकावर लिनक्स आहे आणि तिने आपल्या पहिल्या पाहुण्याचे नाव ‘पाटी’ ठेवले आहे, असे धरू.

‘व्हर्श लिस्ट’ म्हटले की सध्या चालू असलेल्या यंत्रांची यादी येते. तिच्यापुढे दोन आडव्या रेघा आणि ‘ऑल’ जोडले की बंद असलेलीही दिसतात. ही आज्ञा फक्त पाहते, कशालाही धक्का लावत नाही. नवख्याने पहिले आठ दिवस हीच आज्ञा मनसोक्त द्यावी. काळ्या खिडकीची भीती तेवढ्याने निम्मी होते. ‘व्हर्श डॉमइन्फो पाटी’ म्हटले की त्या यंत्राला किती स्मृती दिली आहे, किती प्रोसेसर दिले आहेत, ते चालू आहे की बंद, हे कळते.

‘व्हर्श स्टार्ट पाटी’ म्हटले की यंत्र सुरू. ‘व्हर्श शटडाऊन पाटी’ म्हटले की त्याला निरोप जातो, आवरा आता. पाहुणा आपल्या फाइली मिटतो, दिवे मालवतो आणि बंद होतो. याला थोडा वेळ लागतो. कधी पाहुणा अडून बसतो, निरोप ऐकतच नाही.

भ्यायचे कोणत्या शब्दाला?

अशा वेळी एक वेगळी आज्ञा असते, आणि तिचे नाव वाचून नवख्याच्या पोटात गोळा येतो. ‘व्हर्श डिस्ट्रॉय पाटी.’ डिस्ट्रॉय म्हणजे नष्ट करणे. यंत्रच गेले की काय?

तसे नसते. या आज्ञेचा अर्थ इतकाच, की भिंतीवरचे वीजेचे बटण खाडकन बंद केले. पाहुण्याची डिस्क जिथल्या तिथे राहते. न साठवलेले काम जाईल, क्वचित एखादी अर्धवट लिहिलेली फाइल खराब होईल. म्हणून ही आज्ञा ऊठसूट देऊ नये. पण नाव ऐकून वाटते तसा सर्वनाश होत नाही. पुन्हा ‘स्टार्ट’ म्हटले की यंत्र उभे राहते.

खरी सावधगिरी एका मवाळ शब्दाबाबत बाळगावी लागते. ‘व्हर्श अनडिफाइन पाटी’ ही आज्ञा यंत्राची नोंदच खात्यातून काढून टाकते. नुसती दिली तर डिस्कची फाइल मागे राहते, तिच्यावरून यंत्र पुन्हा नोंदवता येते. पण तिच्यापुढे ‘रिमूव्ह ऑल स्टोरेज’ ही पुस्ती जोडली, की डिस्कही जाते. ‘नक्की काढू का?’ असे कोणी विचारत नाही. कारभारी हुकमाचा ताबेदार असतो. सांगितले ते करतो आणि गप्प बसतो.

म्हणून कमांड लाइनवर काम करणारी जाणती माणसे दोन सवयी लावून घेतात. यंत्राचे नाव टाइप झाल्यावर, एंटरचे बटण दाबण्यापूर्वी, ओळ एकदा डावीकडून उजवीकडे वाचायची. आणि काढून टाकणारी आज्ञा देण्याआधी ‘लिस्ट’ देऊन आपण कोणत्या यंत्रावर, कोणत्या यंत्राविषयी बोलतो आहोत, हे पाहून घ्यायचे. औषधाच्या बाटलीवरचे नाव वाचल्याशिवाय घोट घेऊ नये, असे आजी सांगते. तसलेच हे शहाणपण.

पुसण्याआधीची खूण

पाटीची मौज म्हणजे ती पुसता येते. आभासी यंत्राची मौज त्याहून थोडी अधिक आहे. पुसण्यापूर्वी काय लिहिले होते, ते परत आणता येते. याला स्नॅपशॉट म्हणतात. एक आज्ञा दिली की त्या क्षणीची यंत्राची स्थिती नावानिशी नोंदली जाते. त्यासाठी सबंध डिस्कची नक्कल करावी लागत नाही. त्या क्षणानंतर जे बदलेल, तेवढेच वेगळे लिहिले जाते, म्हणून हे काम चटकन होते.

समजा, मुलीने ‘परीक्षेआधी’ या नावाने स्नॅपशॉट घेतला. मग तिने प्रणालीच्या गाभ्यात हात घातला, एक महत्त्वाची फाइल उडवली आणि यंत्र सुरूच होईना. घाबरायचे कारण नाही. ‘स्नॅपशॉट रिव्हर्ट’ ही आज्ञा, यंत्राचे नाव आणि स्नॅपशॉटचे नाव दिले, की यंत्र त्या क्षणाला परत जाते. मधल्या काळात केलेले मात्र जाते; ते हवे असेल तर आधी बाहेर काढून ठेवावे. या एका सोयीमुळे शिकणारी मुलगी एका संध्याकाळी यंत्र दहा वेळा बिघडवू शकते. खऱ्या संगणकावर एवढे बिघडवायचे तर प्रत्येक वेळी सारी मांडणी नव्याने करण्यात दिवस जातील.

इथे एक गैरसमज टाळला पाहिजे. स्नॅपशॉट म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. तो त्याच डिस्कवर राहतो. डिस्कच निकामी झाली तर यंत्र जाईल आणि स्नॅपशॉटही जाईल. घराला आग लागली तर तिजोरीतले दागिने आणि तिजोरीतलीच दागिन्यांची यादी दोन्ही जळतात, तसे. ज्याचे मोल आहे त्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, शक्य तर दुसऱ्या घरात ठेवावी. वडिलांच्या उधारीच्या यादीलाही हाच नियम लागू आहे, मग घरात आभासी यंत्र असो वा नसो.

बारीक तारेवरून मोठे काम

एवढा खटाटोप घरच्या एका संगणकासाठी करायचा का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर घराबाहेर आहे. आज बँका, रेल्वे आरक्षण, रुग्णालये, सरकारी कचेऱ्या यांचे व्यवहार ज्या मोठ्या संगणककेंद्रांतून चालतात, तिथे रांगेने उभी असलेली यंत्रे बहुतांशी आभासी यंत्रांचे यजमान असतात. त्यांच्यापुढे ना पडदा, ना माऊस. ती सांभाळणारा माणूस दुसऱ्या शहरात बसलेला असतो आणि आज्ञा पाठवून काम करतो. ‘व्हर्श’च्या आज्ञेत दूरच्या यंत्राचा पत्ता जोडला, की ती इथे दिली तरी तिथे पाळली जाते.

वाटेत कोणी ती ऐकू नये यासाठी एसएसएच नावाची कुलूपबंद वाट वापरतात. फिनलंडमधील तातू युलोनेन यांनी ती १९९५ मध्ये तयार केली. त्यांच्या विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी संकेतशब्द चोरून ऐकले होते, तेव्हा त्यांना हा उपाय सुचला.

छोट्या गावाच्या दृष्टीने यातली खरी गोष्ट पुढेच आहे. आज्ञा म्हणजे फार तर साठ-सत्तर अक्षरे. मोठ्या पडद्यावरचे एक रंगीत चित्र जसेच्या तसे पाठवायचे तर सुमारे बासष्ट लाख बाइट लागतात. दाबून लहान केले तरी ते अक्षरांच्या कितीतरी पट भरते. पावसाळ्यात इंटरनेट रडतखडत चालत असले, तरी साठ अक्षरे पोचतात. दहा यंत्रे बंद करायची तर माऊसने दहा वेळा तेच करावे लागते. आज्ञेने दहा नावांसाठी एकच ओळ पुरते. म्हणजे ज्याला ही भाषा येते, तो कुंभकोणममध्ये बसूनही चेन्नईतली वा मुंबईतली यंत्रे सांभाळू शकतो. गाव सोडावे लागेल की नाही, हा प्रश्न ज्या घरांत जेवताना निघतो, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

ही भाषा शिकायला इंग्रजी अडसर होऊ नये म्हणूनही प्रयत्न झाले आहेत. आयआयटी मुंबईतील प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी, तमिळ अशा अनेक भारतीय भाषांत ऐकायला मिळतात. थोडे ऐकायचे, थांबवायचे, तसेच करून पाहायचे, अशी त्यांची रीत. करून पाहायला पाटी असली की धडा पक्का होतो.

वहीत काय लिहावे?

आता वहीकडे वळू. काळ्या खिडकीत ‘हिस्टरी’ हा एक शब्द टाइप केला, की आपण आधी दिलेल्या आज्ञा क्रमाने समोर येतात. त्यांतल्या चुकलेल्या गाळायच्या, बरोबर आलेल्या एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवायच्या. अशा फाइलला स्क्रिप्ट म्हणतात. पुढच्या वेळी ती फाइल चालवली, की सगळ्या आज्ञा ओळीने आपोआप दिल्या जातात. ‘व्हर्श डम्पएक्सएमएल पाटी’ म्हटले, की त्या यंत्राचे सारे वर्णनही मजकूर म्हणून हाती येते. किती स्मृती, कोणती डिस्क, कोणते जाळे, सगळे ओळीने लिहिलेले. एका संगणकाची पत्रिकाच म्हणा ना!

पण नुसत्या आज्ञा उतरवल्या तर ती पुन्हा रामानुजनची वही होईल. काय केले ते कळेल, का केले ते कळणार नाही. म्हणून स्क्रिप्टमध्ये ओळीच्या आरंभी हॅशचे चिन्ह देऊन साध्या भाषेत टीप लिहायची सोय ठेवलेली असते. यंत्र त्या ओळीकडे बघतही नाही. ती माणसासाठी असते. ‘स्मृती दोनची तीन जीबी केली, कारण प्रणाली चढवताना यंत्र मध्येच अडले.’ एवढे एक वाक्य लिहायला अर्धा मिनिट लागतो. सहा महिन्यांनी हेच वाक्य आपला किंवा दुसऱ्या कोणाचा एक दिवस वाचवते. ही टीप मराठीत लिहिली तरी चालते. यंत्राची काही हरकत नसते.

कामाच्या ठिकाणी याला फार महत्त्व येते. एक माणूस नोकरी सोडून जातो, आणि यंत्रे कशी मांडली आहेत हे त्याच्या डोक्यातच राहिलेले असते. मागच्यांनी मग एकेक पायरी उकरून काढायची. रामानुजनच्या सूत्रांसाठी जगाने अठ्ठ्याहत्तर वर्षे धीर धरला, कारण ती सूत्रे रामानुजनची होती. बाकीच्यांच्या कामासाठी कोणी अठ्ठ्याहत्तर दिवसही थांबत नाही.

सन्निधी रस्त्यावरचे ते घर सास्त्रा विद्यापीठाने २००३ साली घेतले आणि जतन केले. याच विद्यापीठाचे श्रीनिवास रामानुजन केंद्र गावात आहे. तिथे मुलेमुली संगणकशास्त्र शिकतात. पाटीसाठी आता कोपर झिजवावे लागत नाही आणि वहीला कागदाची टंचाई नाही. ज्या अडचणीमुळे त्या मुलाच्या पायऱ्या पुसल्या गेल्या, ती अडचण उरलेली नाही. पायऱ्या लिहून ठेवायच्या की नाही, हे आता ज्याच्या त्याच्या सवयीवर आहे.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी मुलाला किंवा मुलीला संगणकापाशी बसलेले पाहिले, तर ‘हात लावू नकोस’ हे वाक्य थोडे बदलून म्हणावे. ‘हात लाव; पण आधी स्नॅपशॉट घे, आणि काय केलेस ते लिहून ठेव.’